यमुनेच्या शेतातला काळा चौकोन

यमुने, आधी कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सरळ लिहिता येईल. तुझं शेत मी बिघडवलं. बिघडवलं ते बिघडवलं, वर चार माणसांत त्याचा दोष तुझ्या माथी मारला. तुला जाऊन तेव्हा बाराच दिवस झाले होते. उलट बोलायला तू नव्हतीस म्हणून ते जमलं, एरवी तू मला सोडली नसतीस.

आज वीस दिवस झाले. गेलेल्या माणसाविषयी चांगलं लिहावं म्हणतात. तुझ्याविषयी चांगलं लिहायला तुझे विद्यार्थी आहेत. तलासरीकडच्या शाळांमधून तू हयातभर शिकवलंस, त्यांना लिहू दे. मी रेल्वेची बाई. डहाणूच्या तिकीटखिडकीत माझा जन्म गेला. चूक झाली की झाली असं लिहून खाली सही करायची, एवढंच मला येतं.

आपली ओळखही भांडणातूनच झाली. मी निवृत्त झाले त्या वर्षीची दिवाळी होती. आमच्या सोसायटीत पोरांनी मातीचे किल्ले केले होते आणि बाई चित्रं छान काढतात म्हणून परीक्षक तू होतीस. मी कुणी बोलावलेलं नसताना मोजपट्टी घेऊन तुझ्या मागे मागे हिंडत होते. एका किल्ल्याच्या दरवाज्यात उभा केलेला मावळा दरवाज्याच्या दीडपट उंच होता. नेमका त्यालाच तू पहिला नंबर दिलास. मी म्हटलं, "अहो बाई, हा मावळा या दारातून आत शिरणार कसा?" तू वहीतून मान वर न काढता म्हणालीस, "वाकून."

सगळी पोरं फिदीफिदी हसली. मला इतका राग आला की परीक्षकांच्या फराळाच्या ताटात मी माझ्या वाटणीच्या करंज्या घातल्या नाहीत. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

पण तो राग जिरेना. निवृत्तीनंतर वेळ जात नाही म्हणून मी घरी थर्माकोलचं स्टेशन करत होते. फलाट, पूल, सिग्नल, सगळं मापात. एक सेंटिमीटर म्हणजे एक मीटर. ते पुठ्ठ्यात गुंडाळून मी तुझ्या खोलीवर घेऊन आले, माप काय असतं ते दाखवायला. तू ते स्टुलावर ठेवलंस, स्वतः जमिनीवर बसलीस, एक डोळा मिटलास आणि बराच वेळ बघत राहिलीस.

"माप झकास आहे," म्हणालीस. "पण इथं माणसं नाहीत का?"

"अहो, स्टेशन आहे. राहणार कोण?"

"पानाची पिंक नाही, चहाचा कप नाही, एक पान गळलेलं नाही. मला वाटलं, सगळ्यांची बदली झाली."

बदली! रेल्वेच्या माणसाला हे बोलायचं? आणि माझ्या झाडांना तू फ्लॉवरचे गड्डे म्हणालीस, तेही लक्षात आहे. मी तणतणत घरी आले आणि दुसऱ्या दिवशी तुझ्याकडेच झाड कसं करायचं ते विचारायला गेले. त्या दिवशी आपण 'अहो'वरून 'अगं'वर आलो.

मग रविवारचा वर्ग सुरू झाला, माझ्याच हॉलमध्ये. छोटे देखावे करायला शिका, हाताला सवय नसली तरी चालेल, असं तू फळ्यावर लिहून सोसायटीच्या फाटकाला टांगलंस. मला वाटलं काळं कुत्रं येणार नाही. तर पहिल्याच रविवारी सहा जण आले आणि माझे कप कमी पडले.

पहिला धडा नेहमी तुझा असायचा. नवीन माणूस आलं की कात्री, डिंक काही हातात द्यायचं नाही. आधी टेबलापुढे गुडघ्यांवर बसवायचं, हनुवटी कडेला टेकवायची, एक डोळा मिटायला लावायचा. "आता तुम्ही या गावातले," तू सांगायचीस. "वरून बघतो तो देव, नाहीतर ड्रोन. आपण दोन्ही नाही." माझे गुडघे कुरकुरायचे, पण तू मलाही सोडलं नाहीस.

दुसरा धडा जमिनीचा. थर्माकोलचा उंचवटा, त्यावर रद्दी कागदाचा लगदा, तो वाळला की पाण्यात कालवलेला पांढरा डिंक आणि त्यावर चहाच्या गाळण्यातून चाळलेली माती. लाकडाचा भुसा हिरव्या रंगात भिजवून वाळवला की गवत. सुरूच्या बारीक काटक्या ही झाडं, जुन्या टूथब्रशचे केस ही भाताची रोपं, चिकूची काळी बी ही होडी. मी एकदा चिखले गावच्या किनाऱ्यावरची वाळू चांगली धुऊन आणली, तर तू ती परत पिशवीत भरलीस. "ही समुद्राची. यात भात लावला तर उपाशी मरायची वेळ येईल." दोन सेंटिमीटरच्या माणसांच्या पोटाची तुला काळजी! मग तू गंजाडहून शेतातली माती पिशवी भरून आणलीस आणि आजतागायत आपण तीच वापरतो.

तुझं माझं खरं भांडण मापाचं होतं आणि ते मिटलंच नाही. वर्गातल्या बोर्डीच्या मगनकाकांनी त्यांची चिकूची वाडी केली तेव्हाचं आठव. विहिरीवर बादली ठेवली होती ती बैलाएवढी. मी म्हटलं, बदला. तू म्हणालीस, राहू दे. काका गुडघ्यांवर बसले, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "आ तो मारी ज वाडी छे." ही तर माझीच वाडी, असं म्हणाले आणि रडायला लागले की गं! ते गेल्यावर मी तुला म्हटलं, रडले म्हणून बादलीचं माप बरोबर होत नाही. तू म्हणालीस, "लहानपणी त्यांनी ती उचलली असेल, शैला. त्यांच्या हाताला जेवढी लागली तेवढी त्यांनी केली."

"वा! मग रेल्वेचे रूळही आठवणीनेच टाकू या. गाड्याही आठवणीनेच धावतील."

"तुझ्या स्टेशनावर नाहीतरी कोण उतरणार आहे," तू म्हणालीस आणि चहा टाकायला गेलीस.

आठ वर्षं हे असं चाललं. मी मोजायचे, पुसायचे, कडा सारख्या करायचे. तू डाग पाडायचीस, वाळकी पानं कुस्करून टाकायचीस, भिंतीला पोपडे काढायचीस. तू पाणी प्यायला उठलीस की मी गुपचूप एखादा पोपडा लिंपून टाकायचे, आणि परत आल्यावर तुला तो बरोबर कळायचा. "कुणीतरी माझ्या गावात झाडू मारलाय," म्हणायचीस. शिकायला आलेल्यांना वाटायचं आपण खरंच भांडतोय. काही वेळा खरंच भांडत होतो.

एक गोष्ट तुझ्या तोंडावर बोलायची राहिली ती इथे लिहिते. निवृत्तीनंतरचे माझे पहिले सहा महिने फार वाईट गेले. तिकीटखिडकीत दिवसभर माणसं माझ्याशी बोलायची, भांडायची का होईना. घरी आले तर बोलायला भिंती. तू आलीस आणि रविवार झाला. मग शनिवारी तयारी आणि सोमवारी आवराआवर, म्हणजे आठवड्याचे तीन दिवस कारणी लागले. मला तुझी फार सवय झाली होती, यमुने. झालं, लिहिलं.

मग तुझ्या किडन्यांनी दगा दिला. त्याचं सगळं पुराण इथे लिहीत नाही, तुलाही ते आवडायचं नाही. हात थरथरायला लागले तेव्हा तू इतरांची कामं बंद केलीस आणि एकच फळी पुढ्यात ओढलीस. चिकूच्या पेटीच्या फळ्या जोडून केलेली, वीतभर रुंद आणि हातभर लांब. त्यावर तुमचं गंजाडचं शेत करायला घेतलंस. दामूसाठी.

दामू तुझा धाकटा भाऊ. तुझं लग्न नाही, मूलबाळ नाही, तुला जवळचा म्हणजे तोच. तू बोर्डीला वसतिगृहात राहून शिकलीस आणि तो चौथीतून शाळा सोडून बापाबरोबर शेतात उतरला. "त्याने सोडली म्हणून मला शिकता आलं," हे तू मला एकदाच सांगितलंस, तेही पाठ करून, भुसा चाळता चाळता.

"मग त्याला सांग की तसं."

"काय सांगू? थँक्यू?" तू म्हणालीस. "हे देईन. त्याला कळेल."

त्या शेतावरूनही आपलं वाजलंच. तू ते उन्हाळ्यातलं केलंस. सुकलेलं, भेगाळलेलं, कापून झालेल्या भाताचे खुंट तेवढे उभे. मी म्हटलं, अगं, भावाला द्यायचंय तर हिरवंगार कर, भात डोलू दे. तू म्हणालीस, "हिरवं सगळेच करतात. मी मेच्या सुट्टीतच घरी असायचे." एवढंच. मी पुढे विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

वलसाडच्या दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तू मला जवळ बोलावलंस. "शैला, फक्त झाडं राहिलीत. तारा पिळून ठेवल्यात. तेवढी कर आणि दामूला नेऊन दे. बाकी कशाला हात लावू नको. आणि ती काडेपेटी..." तुला धाप लागली. मी म्हटलं, "पडून राहा गप्प. बडबड नको." तू पडून राहिलीस. त्यानंतर तू शुद्धीत अशी आलीच नाहीस. म्हणजे आठ वर्षांच्या बोलण्यात माझं शेवटचं वाक्य हे. खूप विचार केला, पण ते बदलता येत नाही.

तू गेल्यावर पाचव्या दिवशी मी ती फळी उजेडात घेतली. घर सुरेख होतं, कुडाच्या भिंती, कौलं, पुढे गोठा. बांध, विहीर, पायवाट, सगळं जागच्या जागी. आणि बांधाच्या कोपऱ्यात काळा डाग. चांगला चार बोटं रुंद, साधारण चौकोनी, त्यात करपल्यासारखं काहीतरी चिकटलेलं. महिन्यापूर्वी माझ्या स्टेशनावर तुझ्या हातून काळ्या रंगाची बाटली सांडली होती आणि तू दिवसभर कुणाशी बोलली नव्हतीस. इथेही तेच झालं असणार, रंग सांडला असणार, नाहीतर ग्लू गन टेकली असणार. दुरुस्त करायला तुझे हात राहिले नसतील आणि मला सांगायची लाज वाटली असेल. दामूला तुझा थरथरणारा हात दिसायला नको, असं मी मनाशी म्हटलं. हात लावू नको म्हणाली होतीस, पण मला वाटलं, ती संकोचाने म्हणाली असेल.

मी डागावर डिंक लावला, गंजाडचीच माती चाळून टाकली, काथ्याचे धागे कापून खुंट उभे केले. कुठे काम झालंय ते कुणाला सांगता आलं नसतं, इतकं बेमालूम. मग झाडं केली. तुझ्या तारा मला आखूड आणि बोडक्या वाटल्या, म्हणून त्यांना फांद्या जोडल्या, भरघोस पालवी लावली. काडेपेटी तुझ्या खणात सापडली. आत तार आणि कापडाची दोन माणसं. एक मुलगी, हातात काठी, काठीचं टोक लाल. एक बारका मुलगा, हातात हिरवं काहीतरी. पट्टी लावली तर मुलगी अडीच सेंटिमीटर आणि घराचं दार दोन! आणि लाल, हिरवं म्हटल्यावर मला दुसरं काय सुचणार? झेंड्या. माझ्या स्टेशनासाठी फाटकवाल्याची माणसं केली असतील, तीही मापात चुकलेली, असं म्हणून मी काडेपेटी परत खणात टाकली. हसू नकोस.

बाराव्याला भाड्याची रिक्षा करून फळी गंजाडला नेली. सगळ्या वाटेने मांडीवर धरून होते, एक झाड हललं तरी जीव वर यायचा. फळीवरून नजर म्हणून काढली नाही. तुमच्या घराचं दार ठेंगणं. मी वाकायला विसरले आणि डोकं आपटलं, आठवण म्हणून टेंगूळ घेऊन आत गेले.

दामूला कुणी काही शिकवलेलं नव्हतं. त्याने फळी ओट्यावर ठेवली, उकिडवा बसला आणि एक डोळा मिटला. तू शिकवायचीस ते तू कुठून आणलं होतंस, ते मला तेव्हा कळलं. गावातली दहाबारा माणसं भोवती उभी होती. दामू बोटाने हवेतच दाखवत होता, "ही हीर. हा गोठा. हा आमचा ऐन... ह्याला एवढा पाला? ह्याला कुणी कोयता लावला नाय होय?" माणसं हसली. मग तो कोपऱ्याकडे आला आणि थांबला.

"राब कुठंय?" तो म्हणाला.

मला काही कळेना. त्याने शेतातल्या कोपऱ्याकडे बोट केलं. "राब, बाई. इथं राब असतो आमचा. बायनी राब नाय केला?" तो तुला बाय म्हणतो.

यमुने, त्या क्षणी मला उलगडलं असं मी म्हणणार नाही. राब म्हणजे नक्की काय, ते मला माहीत नव्हतं. पण त्या कोपऱ्यात काय होतं आणि ते कुणी बुजवलं, हे मला चांगलं माहीत होतं. खरं सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते असं: "राहिला असेल हो. आजारी होती ना. शेवटी शेवटी तिचं लक्ष लागत नव्हतं."

दामू उठला. "हां," म्हणाला. "आजारीच व्हती." मग त्याने फळी उचलून आत कणगीवर ठेवली आणि वर फडकं टाकलं. बायको त्याला म्हणत होती, आजाऱ्याला कुठं ध्यान असतं. तो म्हणाला, "सगळं इसरली असती तरी चाललं असतं." ते मी ऐकलं आणि पुढ्यातला भात कसाबसा संपवला.

परत येताना मांडी रिकामी होती, म्हणून बाहेर बघितलं. गंजाडपासून निम्म्या वाटेपर्यंत प्रत्येक शेताच्या एका कोपऱ्यात काळा चौकोन. इकडे काळा, तिकडे काळा, एका ठिकाणी अजून धूर निघत होता. रिक्षावाल्याला विचारलं, तर त्याने मी कालच विमानातून उतरल्यासारखं माझ्याकडे बघितलं. मग सांगितलं. भाताची रोपं जिथे करायची तो तुकडा आधी भाजतात. शेण, पालापाचोळा, झाडांच्या तोडलेल्या फांद्या पसरायच्या, वर माती घालायची आणि पेटवायचं. पाऊस आला की त्याच काळ्या तुकड्यात बी टाकायचं. सगळं शेत तिथून निघतं. उभा जन्म डहाणूत काढला मी. हे चौकोन गाडीतून शेकडो वेळा बघितलेत, आणि दरवेळी म्हटलंय, बघा, लोक शेतातसुद्धा कचरा जाळतात.

आठवडाभर मी गप्प बसले. रविवारी वर्ग घेतला, कारण तू नसलीस तर वर्ग बंद असं सांगायचं मला धाडस झालं नाही. एक नवीन बाई आल्या होत्या, नर्स आहेत. त्यांच्या अंगणावर रंगाचा थेंब पडला. त्यांनी विचारलं, "मॅडम, डाग पडलाय. पुसून टाकू?" मी खुर्चीवर बसले ती बसलेच. सगळ्यांना वाटलं मला भोवळ आली.

काल सकाळी काडेपेटी पर्समध्ये घातली आणि गंजाडची गाडी पकडली. दाराशी वाकले. दामू आणि त्याची बायको दोघंही घरात होती. पाण्याचा तांब्या हातात घेण्याआधीच बोलून टाकलं, नाहीतर पुन्हा जीभ वळली नसती. "दामूभाऊ, तुमची बाय राब विसरली नव्हती. तिने केला होता. मला तो डाग वाटला आणि मी तो बुजवला. आणि त्या दिवशी तुमच्यापुढे मी खोटं बोलले."

मला वाटलं, आता दामू मला बाहेर काढणार. काढलं असतं तरी मी काही बोलले नसते. तो म्हणाला, "केलता?"

"केला होता. मातीखाली आहे."

त्याने फळी कणगीवरून उतरवून ओट्यावर आणली. मी कोमट पाणी मागितलं. कापसाचा बोळा भिजवून कोपऱ्यावर दाबून धरला. पांढरा डिंक पाण्याने सुटतो, हे आपण नवख्यांना पहिल्याच दिवशी सांगतो, बिघडलं तर घाबरू नका म्हणून. माझे बेमालूम खुंट एकेक करून निघाले. माती मऊ झाली, चमच्याच्या टोकाने ओढून घेतली. खाली तुझा काळा तुकडा होता तसा होता. आता जवळून बघितलं तर त्यात खरी राख होती, अर्धवट जळलेल्या पानांचे कण होते, कडेला करपलेलं गवत होतं. रंग सांडून असं होत नाही. बघणाऱ्याला ते दिसलं असतं.

दामूने बोट लावलं आणि बोटाकडे बघितलं. "दिवाळीला आलती तवा चुलीतली राख मागून नेली," तो म्हणाला. "म्हटलं, भांडी घासायला नेते का काय." मग तो हसला आणि हसता हसताच त्याने डोळे पुसले, त्याच हाताने, त्यामुळे गालावर काळं लागलं.

मग त्याने सांगितलं ते तुला ऐकवायला हवं. मेच्या सुट्टीत तू आलीस की राब तुम्ही दोघं भाजायचात. पेटवायचीस तू, आणि आग बांधापलीकडे जाऊ नये म्हणून तो ओली फांदी घेऊन उभा राहायचा. वर्षातून तेवढा एकच दिवस त्याला त्याची बाय सबंध मिळायची. मी त्याला म्हटलं, तुम्ही शाळा सोडली म्हणून तिला शिकता आलं, हे तिच्या मनाला लागून होतं.

"माझी शाळा? मला शाळा नकोच व्हती, बाई. गुरुजी मारायचे. मी ओढ्यात जाऊन बसायचो. बापानीच कंटाळून काढला मला."

"मग तिला सांगितलं नाही कधी?"

"तिनी विचारलंच नाय कधी."

ऐकलंस? जन्मभर जे उराशी धरून बसलीस ते हे असं. तू विचारलं नाहीस, त्याने सांगितलं नाही, आणि मी शहाणी मधे माती आणि डिंक घेऊन. हे कळलं तेव्हा तुझा इतका राग आला की तू समोर असतीस तर भांडलेच असते. आणि तू समोर नव्हतीस म्हणून मग रडले, त्यांच्या ओट्यावर बसून, अगदी मोठ्याने. दामूच्या बायकोने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने कोंबडी हाकलली.

ऐनाची झाडं दामूने कातरली. मी कात्री दिली आणि बघत बसले. राबासाठी दरवर्षी ऐनाच्या फांद्या तोडतात, त्यामुळे झाड खांबासारखं उभं राहतं आणि डोक्यावर चार पानं. तुझ्या आखूड, बोडक्या तारा बरोबर होत्या.

शेवटी काडेपेटी उघडली. दामूने दोन्ही माणसं तळहातावर घेतली. "ही बाय. हातात चूड हाय, पेटवायची. आणि हा मी. ही वली फांदी." त्याने ती माझ्या हातात दिली आणि मी डिंकाचा एकेक थेंब लावून राबाच्या कडेला उभी केली, ती पुढे, तो तिच्या मागे. पट्टी पर्समध्ये होती. काढली नाही.

दामूची बायको इतका वेळ मागे उभी राहून बघत होती. ती खाली बसली, घराच्या दाराकडे बघितलं, पोरांकडे बघितलं आणि म्हणाली, "ही तर दारापेक्षा मोठी हायेत. घरात जातील कशी?"

"वाकून," मी म्हटलं.

दामूने फळी दोन्ही हातांत उचलली, दाराशी थांबला, आणि वाकून तुला आत घेऊन गेला.